शेवटचं कधी खाल्लंत?

ऑपरेशनच्या टेबलावर आडवा झालेला माणूस मला एकच प्रश्न विचारतो आणि मी त्याला एकच विचारते. त्याचा प्रश्न असतो, "बाई, जाग येईल न्हवं?" माझा असतो, "शेवटचं कधी खाल्लंत?" माझं सगळं कामाचं आयुष्य या दोन प्रश्नांत गेलं. त्याच्या प्रश्नाला मी कधी 'होय' म्हटलं नाही. "मी तुमच्या उशाशी बसलेली आहे," एवढंच म्हणायचे. आणि माझ्या प्रश्नाला खरं उत्तर मिळालं, असं फार थोड्या वेळा झालं.

मी भूलतज्ज्ञ. आता काम जवळजवळ थांबवलंय, तरी कडेगाव-विट्याच्या बाजूला मला अजून 'भुलीच्या बाई' म्हणूनच ओळखतात. नवख्या माणसाला वाटावं, ही बाई करणी उतरवते की काय! विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीत मात्र माझ्याबद्दल वेगळाच समज आहे. शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "तुमचं बरं असतं हो. एक इंजेक्शन दिलं की सुटलात. कापाकापी त्या सर्जननं करायची, रक्त त्यानं बघायचं." मी हसले आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. खरं सांगायला बसले असते तर चहा निवला असता.

खरं असं आहे की इंजेक्शन दिल्यावर माझं काम सुरू होतं. माणसाला दोरानं विहिरीत सोडावं आणि सर्जनचं काम होईपर्यंत वर दोर धरून बसावं, तसं ते काम. त्याचा श्वास मी चालवायचा, नाडी मी ऐकायची आणि शेवटी त्याला वर मी काढायचं. त्याच्या बोटाला एक चिमटा लावलेला असतो आणि यंत्रातून टिक् टिक् असा आवाज येत राहतो. रक्तातला प्राणवायू कमी व्हायला लागला की त्या आवाजाची पट्टी उतरत जाते. घरी कुकरची शिट्टी नेहमीपेक्षा खालच्या सुरात वाजली तरी मी दचकून उठायचे. नवरा हसायचा. मला हसू येत नसे.

मी भित्री आहे, हे सरळच सांगते. धीट भूलतज्ज्ञ मी पाहिलेले आहेत आणि माझं ऑपरेशन करायची वेळ आली तर त्यांच्या हाताखाली मी झोपणार नाही.

आमच्याकडच्या लहान गावांतल्या लहान हॉस्पिटलांना कायमचा भूलतज्ज्ञ ठेवणं जमत नाही. म्हणून आम्ही भूलतज्ज्ञ फिरते. विटा, कडेगाव, तासगाव, पलूस, कधी पार फलटणपर्यंत. फोन आला की बॅग उचलायची. बॅगेत औषधं, नळ्या, घशात बघायचा दिवा आणि पर्समध्ये आल्याच्या वड्या. गाडी चालवायला दस्तगीर. तो माझ्याकडे आला तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती. आता त्याची दाढी पिकली. या लेखात माझ्याइतकंच त्याचंही आहे.

आधी खाण्याचा प्रश्न समजून घ्या. झोपेत आपल्याला ठसका लागतो आणि आपण उठून बसतो. मी झोपवलेल्या माणसाला ठसका लागत नाही. पोटातलं अन्न वर घशात आलं तर ते सरळ फुफ्फुसात उतरतं आणि माणूस डोळ्यांदेखत बुडतो, कोरड्या टेबलावर. म्हणून ठरलेल्या ऑपरेशनला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात. पण अपघात काही ठरवून होत नाही. कडबाकुट्टीत हात गेलेला, कोयता लागलेला, उसाच्या ट्रॉलीला धडकलेला माणूस चांगला जेवून आलेला असतो. शिवाय मार लागला की पोटाचं कामच थांबतं. सकाळची भाकरी संध्याकाळीही जिथल्या तिथं असते.

त्यात आपल्या लोकांची माया. कुणी जखमी झालं की त्याच्या तोंडात काहीतरी घातल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. रक्त गेलंय, ताकद यायला पाहिजे! मग पाणी, चहा, दूध, गुळाचा खडा, उसाचा रस. रुग्ण बेशुद्धीकडे चाललेला असतो आणि मावशी चमच्यानं साखरपाणी घालत असतात. आणि हॉस्पिटलात आलं की सगळे एका सुरात, "न्हाई बाई, सकाळपास्नं पान्याचा थेंब न्हाई." कारण एक समज पक्का आहे: खाल्लंय म्हटलं की डॉक्टर ऑपरेशन लांबवतात, नाहीतर सांगलीला घालवतात. म्हणजे जिवाच्या भीतीनं खाऊ घालायचं आणि जिवाच्या भीतीनंच लपवायचं.

हे दस्तगीरनं फोडलं. कडेगावला एकाचा हात कडबाकुट्टीत गेला होता. बायको, भाऊ, मेहुणा, सगळ्यांनी उपाशी असल्याची शपथ घेतली. मी माझी नेहमीची काळजी घेतली आणि निभावलं. परत येताना दस्तगीर म्हणाला, "गडी जेवून आलता की चांगला. भाकरी न् शेंगदाण्याची चटणी. वर वाटेत दोन कप च्या."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्याचा भाऊच बोलला, टपरीवर."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं न्हाई, मॅडम."

त्या दिवसापासून आमची पद्धत ठरली. मी आत तयारी करायची आणि दस्तगीरनं बाहेर नातेवाइकांत जाऊन बसायचं. डॉक्टरला सांगत नाहीत ते ड्रायव्हरला सांगतात. मग तो थिएटरच्या दाराशी येऊन एकच शब्द टाकायचा. "भाकरी." "च्या." "दूध." क्वचित, फार क्वचित, "रिकामं." मी भूल कशी द्यायची ते त्या एका शब्दानं पुष्कळसं ठरायचं. माझ्या यंत्रांइतकाच त्या शब्दावर माझा भरवसा बसला होता.

'रिकामं' म्हटल्याचं एक उदाहरण माझ्या लक्षात आहे. आष्ट्याच्या बाजूचे एक जैन शेतकरी होते, तात्या. पहाटे गोठ्यात बैलानं मांडीत शिंग घातलं. घरच्यांनी दुधाचा पेला तोंडाला लावला तर तात्यांनी तो ढकलला. देवदर्शन झाल्याशिवाय ते पाणीही घेत नसत आणि आदल्या दिवशी सूर्य मावळल्यावर त्यांनी तोंड बंद केलेलं. दस्तगीर दाराशी आला तो हसतच. "रिकामं! मॅडम, असली माणसं पायजेत बघा जखमी व्हायला." तात्यांनी ते ऐकलं आणि मांडीतून रक्त वाहत असताना मला म्हणाले, "तुमचा ड्रायव्हर बेस हाय. जाग येईल न्हवं मला?"

दस्तगीर या प्रश्नाला बाहेर वेगळंच उत्तर द्यायचा. नातेवाइकांनी विचारलं की तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "येणार की! का न्हाई येणार?" मी एकदा त्याला झापलं होतं, असं कशाला कबूल करतोस म्हणून. तो म्हणाला, "एक 'व्हय' म्हणायला तुमच्या खिशातलं काय जातंय, मॅडम? तुमी लय चिक्कू." मला ते लागलं, पण मी सवय बदलली नाही. दोर धरलेल्या माणसानं वर येण्याची हमी देऊ नये, असं मला वाटायचं.

आता त्या दिवसाचं सांगते.

रमजान चालू होता आणि उसाचा हंगाम संपत आला होता. दुपारची वेळ. कडेगावला डॉ. चौगुल्यांच्या छोट्या हॉस्पिटलात आम्ही एका हर्नियाला आलो होतो. चौगुले सर्जन, स्वभावानं तापट, हात मात्र सोन्याचा. टाके घालून होत आले होते. तेवढ्यात बाहेर आमची गाडी सुरू झाल्याचा आणि धुरळा उडवत गेल्याचा आवाज मी ऐकला. दस्तगीर मला न विचारता गाडी कधीच हलवत नाही. मी पेशंटच्या उशाशी, त्यामुळे उठताही येईना. कंपाउंडर दारात आला आणि म्हणाला, "त्येंच्या पोरीचा अपघात झालाय म्हणं. फोन आलता."

दस्तगीरची एकुलती एक मुलगी शाहीन. कडेगावच्या एका पतसंस्थेत नोकरीला होती आणि जवळच्या गावात आत्याकडे राहायची. दोन वेण्या घालून शाळेत जायची तेव्हापासून मी तिला ओळखते. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन तीच यायची आणि डबा रिकामा करून द्या म्हणून स्वयंपाकघरात उभी राहायची. दुपारी काम आटोपून ती स्कूटरवरून आत्याकडे निघाली होती. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली तिच्यावर आली.

हर्नियाचा पेशंट आम्ही बाहेर काढतोय तोच दस्तगीर तिला दोन्ही हातांवर घेऊन आत आला. त्याच्या शर्टावर रक्त नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिच्या अंगावर खरचटल्याशिवाय काही दिसत नव्हतं, पण चेहरा कागदासारखा पांढरा, ओठ कोरडे, हात गार. नाडी धावत होती आणि बोटाखाली जेमतेम लागत होती. पोट फुगत चाललेलं. चौगुल्यांनी सोनोग्राफीचा दांडा पोटावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पोट रक्तानं भरलं होतं. डाव्या बरगड्यांखाली पानथरी असते, मुठीएवढी, रक्तानं भरलेली. ती फाटली की बाहेर थेंब दिसत नाही आणि आत माणूस रिकामा होत जातो.

"सांगली?" मी विचारलं.

"पोचणार नाही," चौगुले म्हणाले. "हितंच उघडायचं. आत्ता."

कंपाउंडर रक्ताचा नमुना घेऊन मोटारसायकलवर विट्याला पळाला. मी दोन्ही हातांना सलाईन लावलं. माझी बोटं शिरा शोधत होती आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, ही शाहीन आहे, ही शाहीन आहे. ते थांबवायला मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तिला नाही, दाराशी उभ्या असलेल्या तिच्या बापाला.

"दस्तगीर, काही खाल्लंय का हिनं?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. "रिकामं, मॅडम," तो म्हणाला. "रोजा हाय तिचा. पहाटेपास्नं कायबी न्हाई."

मी मान हलवली. त्याच्या शब्दावर मी इतकी वर्षं माणसं झोपवली होती. शिवाय रमजान होता, शाहीन रोजे धरते हे मला माहीत होतं. शंका घ्यायला जागा कुठं होती?

मी आत वळले तेव्हा त्यानं माझ्या अॅप्रनची बाही धरली. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी हात लावला नव्हता.

"मॅडम, जाग येईल न्हवं तिला?"

"होय," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. आणि मला तसं मुळीच वाटत नव्हतं.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. भरल्या पोटाच्या माणसाला भूल देताना एकजण उशाशी उभा राहून गळ्यातल्या उंचवट्याच्या, घाटीच्या खाली दोन बोटांनी दाबून धरतो. त्यानं अन्ननलिका मिटते आणि पोटातलं वर येत नाही. श्वासनलिकेत नळी बसेपर्यंत ती बोटं हलवायची नाहीत. आमच्याकडे ती बोटं कमल सिस्टरची. कमल म्हणजे चौगुल्यांकडची जुनी सिस्टर, तिची बोटं भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखी पक्की. पण त्या थिएटरात सगळ्या मिळून दोनच सिस्टर होत्या. एक चौगुल्यांच्या मदतीला, हात धुऊन उभी. दुसरी कमल.

आणि चौगुल्यांनाही कमल हवी होती. रक्तानं भरलेलं पोट ताठ असतं, त्या ताठरपणानं आतलं रक्त थोडंसं दबून राहतं. भूल दिली की पोट सैल पडतं आणि मग सगळं एकदम सुटतं. म्हणून पेशंट जागा असतानाच पोट धुऊन, कपडे अंथरून, सुरी हातात घेऊन सर्जन उभा राहतो. मी मान हलवली की त्यानं कापायचं. त्या घटकेला पट्ट्यांचे गठ्ठे फोडून द्यायला, रक्त ओढायचं यंत्र धरायला कुणीतरी लागतं.

"रोजा हाय म्हणतोय ना तो?" चौगुले ओरडले. "मग गळा कशाला दाबताय? कमलला इकडं द्या! माझ्या हातात कोण देणार?"

बरोबर होतं त्यांचं. जखमी माणसाचं पोट कधीच रिकामं धरायचं नाही, हा माझा नियम. पण पहाटेपासून उपाशी म्हणजे पोटात असून असून काय असणार? आणि इकडे एकेका क्षणाला रक्त चाललेलं. यंत्राची टिक् टिक् इतकी जलद झाली होती की दोन ठोक्यांत फट राहत नव्हती. मी कमलकडे बघितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणणार होते, जा.

म्हणायच्या आधी मास्क धरायला खाली वाकले. शाहीनचे डोळे उघडे होते. तिचे ओठ हलत होते.

"मॅडम, माझा रोजा तुटला."

मला वाटलं, भ्रमात बोलतेय. मी म्हणाले, "राहू दे गं. आजारपणात चालतं. नंतर धरशील."

"मी पाणी मागितलं," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. ती मरणाला भीत नव्हती, रोज्यासाठी रडत होती. "अब्बांनी रस पाजला. रसवंतीवरचा. ग्लास भरून."

मी मास्क तसाच धरून मान वर केली.

"कमल, इथंच थांब," मी म्हणाले. "गळा धर."

चौगुल्यांनी मान वर केली. तोंडाला पट्टी असली तरी शिवी हासडत होते हे मला कळलं. पण माझा चेहरा बघून त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. त्यांनी पट्ट्यांचे गठ्ठे आपल्या सिस्टरला आधीच फोडून ठेवायला लावले.

मी शाहीनच्या कपाळावर हात ठेवला. "मी उशाशी आहे, बाळ." मग औषध सोडलं. कमलच्या बोटांनी गळा दाबला. शाहीनचे डोळे मिटले, अंग सैल पडलं. मी दिवा घशात घातला. आत उजेडात श्वासनलिकेचं तोंड दिसलं, छोटं, पांढरट. नळी आत सरकवली, ती घट्ट बसावी म्हणून तिच्याभोवतीचा फुगा फुगवला, हवेची पिशवी दाबली. छाती वर आली. दोन्ही बाजूंनी श्वासाचा आवाज ऐकला आणि चौगुल्यांना मान हलवली. मग कमलला म्हटलं, "सोड."

तिनं बोटं उचलली आणि शाहीनच्या तोंडातून रस आला. हिरवट, फेसाळ, आल्याचा वास असलेला. तोंड भरून, गालावरून, उशीवर. कमलच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. मी ओढायची नळी घालून सगळं स्वच्छ केलं. नळी बसलेली होती, फुगा फुगलेला होता, त्यामुळे फुफ्फुसात थेंब गेला नाही. पण मी 'जा' म्हणाले असते तर काय झालं असतं, हे माझ्यासमोर उशीवर सांडलेलं होतं.

त्यापुढचं चौगुल्यांचं काम. पोट उघडल्याबरोबर रक्त टेबलावरून खाली आलं, त्यांच्या चपलांत गेलं. नाडी लागेनाशी झाली. यंत्राचा सूर उतरायला लागला, आणखी उतरला आणि मग नुसता खरखरला. मी सलाईनच्या बाटल्या हातांनी पिळत होते. कमल दुसऱ्या बाजूला पिळत होती. चौगुल्यांचा हात मनगटापर्यंत आत, आणि ते स्वतःशीच बोलत होते, "कुठं हायस, कुठं हायस, घावलीस." त्यांनी पानथरीची मुळं बोटांत धरली. ते म्हणाले, "धरली." मी म्हणाले, "सोडू नका." दोघांचेही आवाज ओळखू येत नव्हते. किती वेळ तसं गेलं, सांगता येणार नाही. मग कंपाउंडर रक्ताच्या पिशव्या घेऊन आला. पहिली पिशवी गेली आणि यंत्राला पुन्हा नाडी सापडली. सूर हळूहळू वर चढला. गाण्यातलं मला काही कळत नाही, पण त्याहून चांगला सूर मी आयुष्यात ऐकलेला नाही.

शाहीनला आम्ही नळीसकट सांगलीला न्यायचं ठरवलं. अँब्युलन्समध्ये मी पिशवी दाबत बसले होते आणि मागून दस्तगीर आमची गाडी चालवत येत होता. वाटेत सूर्य मावळला. सांगलीच्या हॉस्पिटलात पोचल्यावर कुणीतरी त्याला रोजा सोडायला खजूर दिला. त्यानं तो मुठीत धरून ठेवला, तोंडात घातला नाही. शाहीननं डोळे उघडले आणि मी सांगितल्यावर माझा हात दाबला, तेव्हा मी बाहेर आले. तो भिंतीला टेकून उकिडवा बसला होता.

"जाग आली," मी म्हणाले.

त्यानं खजूर तोंडात घातला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. मला राग आला होता, फार राग आला होता, आणि तो मी लपवला नाही.

"रिकामं म्हणालास मला."

"व्हय."

"इतकी वर्षं दारात उभा राहिलास. तुला माहीत नव्हतं?"

"सगळं म्हाईत हुतं, मॅडम. गिलास हातात घेतला तवाबी ध्यानात हुतं. दुसऱ्या कुणी पाजला असता तर म्या त्याच्या थोबाडीत दिली असती. पर ती 'अब्बा, पाणी' म्हणली." त्यानं नाक पुसलं. "मग वाटलं, तुमास्नी सांगितलं तर तुमी भ्याल. तुमचा हात कापंल. पोरगी तुमच्या हातात हुती."

"अरे, मी भ्यायलाच पाहिजे होते, दस्तगीर!" मी ओरडलेच. "माझ्याकडे दुसरं आहे काय?"

पण दारात त्यानं माझी बाही धरली होती तेव्हा मी तरी कुठं खरं बोलले होते! त्याला धीर द्यायचा म्हणून मी 'होय' म्हणाले आणि मला धीर राहावा म्हणून तो 'रिकामं' म्हणाला. इतकी वर्षं आम्ही दोघं नातेवाइकांच्या खोटं बोलण्यावर गाडीत हसत आलो होतो.

शाहीन बरी झाली. पुढच्या ईदला डबा घेऊन आली. डबा रिकामा होईपर्यंत स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तो एक रोजा मी नंतर धरला हं." तिच्या पोटावर उभा व्रण आहे. बापानं रस पाजल्याचं ती कुणाला सांगत नाही.

दस्तगीर सांगतो. हे मला फार उशिरा कळलं. विट्याला एका ऊसतोड कामगाराच्या पायावर कोयता बसला होता, नस तुटली होती. बाहेर त्याची म्हातारी आई बसलेली. मी विचारलं तर तिनं नेहमीचं सांगितलं, थेंबभर पाणी न्हाई. मी आत आले, पण थिएटरचं दार थोडं उघडं राहिलं होतं. दस्तगीर तिच्यासमोर उकिडवा बसला होता. पूर्वी तो असा गप्पा मारत, तंबाखू मळत बसायचा. आता त्याचे हात रिकामे होते.

"मावशे, माझी पोरगी अशीच पडली हुती," तो म्हणत होता. "म्या माझ्या हातानं रस पाजला तिला. आन् बाईस्नी खोटं सांगितलं. पोरगी मरायची ऱ्हायली. तुमी काय पाजलंय ते सांगा. म्या कायबी म्हणणार न्हाई."

म्हातारी पदरात तोंड घालून काहीतरी बोलली. दस्तगीर उठला आणि दाराशी आला. "दूध, मॅडम. आन् वर च्या-चपाती."

मी कमलसारखीच एक सिस्टर तिथं शोधून उशाशी उभी केली. दार लावायला गेले तर म्हातारी दस्तगीरचा हात धरून विचारत होती, "जाग येईल न्हवं रं माझ्या लेकाला?"

'येणार की, का न्हाई येणार', हे ऐकायची मला सवय होती. मी वाट बघत थांबले.

"ते म्या कसं सांगू, मावशे?" दस्तगीर म्हणाला. "पर बाई त्याच्या उशाशी बसल्यात. त्या उठत न्हाईत."

मी दार लावून घेतलं आणि जाऊन उशाशी बसले.